ओवाळणीतली किडनी

भाऊबीजेला भाऊ ताटात पाकीट टाकतो, साडी टाकतो, फारच हौशी असला तर पैंजण टाकतो. माझ्या भावानं किडनी टाकली. तोंडी. मी ओवाळून ताट खाली घेतलं, त्यानं पाटावर बसल्या बसल्या केसांवरनं हात फिरवला, समोर मोबाईल धरून उभ्या असलेल्या मित्राकडं बघितलं आणि म्हणाला, "यंदा ओवाळणीत आमच्या बहिणीला किडनी! एक काय, लागली तर दोन्ही देणार की!"

दोन्ही दिल्यावर हा स्वतःसाठी काय ठेवणार, हे विचारायचं त्या खोलीत कुणाला सुचलं नाही. आईनं डोळ्याला पदर लावला. शेजारच्या काकू "असा भाऊ मिळायला पुण्य लागतं" म्हणत माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की मी तिथल्या तिथं त्याच्या पायावर लोटांगण घालायला पाहिजे होतं. मित्रानं व्हिडिओ थांबवला, कानाला लावून ऐकला आणि म्हणाला, "दादा, बाहेर फटाकं वाजाय लागलं, आवाज बारीक आलाय. परत एकदा म्हणा की." माझ्या भावानं परत एकदा म्हटलं. मला परत एकदा ओवाळावं लागलं. दुसऱ्या वेळी आईनं परत डोळ्याला पदर लावला आणि तोही पहिल्यापेक्षा चांगला आला.

मी नवऱ्या सजवते. नऊवारी नेसवायची, खोपा घालायचा, साज छातीवर नीट बसवायचा आणि आदल्या दिवशी हळदीत नाचून सुजलेलं तोंड माणसात आणायचं, हा माझा धंदा. माझं स्वतःचं तोंड सुजायला लागलं तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरनं "जागरण कमी करा" म्हणून सांगितलं. पाय सुजले तेव्हा "उभं राहणं कमी करा" म्हणाला. डोकं फुटायची वेळ आली तरी त्या गड्यानं कपाटावरचं बी.पी.चं मशीन काही खाली काढलं नाही. दिवाळीच्या आधी मोठ्या दवाखान्यात गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी रिपोर्ट बघितला, मग माझ्याकडं बघितलं, मग परत रिपोर्ट बघितला. दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या. माझं वय सव्वीस.

वडील नाहीत. आईला शुगर, म्हणून तिची किडनी चालत नाही. राहिला भाऊ. माझ्याहून मोठा, धडधाकट, रक्तगटही माझाच. आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष आणि पुढं कधीतरी नगरसेवक व्हायची इच्छा असलेला. ती इच्छा इतकी दांडगी, की झोपेतसुद्धा हात जोडून झोपत असेल.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. आमच्याकडं पोराला दात आला तरी फ्लेक्स लागतो, त्यामुळं त्याचं नवल नव्हतं. पण हा चांगला दुकानाच्या शटरएवढा होता. मधोमध माझा भाऊ, गॉगल घालून, हात जोडून. वर लिहिलेलं: भाऊबीजेला किडनीची ओवाळणी! बहिणीला जीवदान देणाऱ्या दिलदार नेतृत्वाचं हार्दिक अभिनंदन! त्याखाली, विषय हार्ड! सगळ्यात खाली मंडळाच्या पोरांची तोंडं ओळीनं, शुभेच्छुक म्हणून. आणि कोपऱ्यात एका गोल चौकटीत मी. कुठल्यातरी बारशातला फोटो होता, तोंड सुजलेलं, छपाईवाल्यानं गोरं करून दिलेलं. खाली नाव नाही, नुसतं 'आजारी बहीण'.

रक्ताचा एक थेंब तपासायच्या आधी त्याचं अभिनंदन झालं होतं. लोक रस्त्यात अडवून त्याला मिठ्या मारत होते. एका दूध संस्थेनं शाल-नारळ देऊन सत्कार केला. किडनी अजून त्याच्याच पोटात होती आणि शाल खांद्यावर होती.

त्या फ्लेक्समुळं मला काय मिळालं तेही सांगते. एका नवरीची आई आली. साखरपुड्यापासून माझ्याकडं ठरलेलं, पोरगी मला ताई-ताई करणारी. बाई आईबरोबर इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता म्हणाली, "तुम्ही आता आराम करा. आम्ही दुसरीकडं बघतो. नव्या नवरीला आजारी हात लागायला नकोत, आमच्या सासूबाई मानतात." मानतात म्हणे सासूबाई! सासूबाई गावाकडं अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना नातीचं लग्न आहे हेही धड आठवत नसेल. मी म्हटलं, "मावशी, किडनीचा रोग लागत न्हाय कुणाला." तर म्हणाली, "तसं न्हवं गं बाई, शकुनाचं असतंय." मग दुसरी गेली, मग तिसरीनं फोन उचलायचा सोडला. माझा धंदा चौकातल्या त्या गोल चौकटीनं खाल्ला.

उलट बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आजारी माणसाकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून येताना शहाळी आणायची, नाहीतर केळ्याची फणी. किडनी गेलेल्याला ही दोन्ही विषासारखी. त्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि एक दिवस काळीज बंद पाडतं. हे मी दारात आलेल्या प्रत्येकाला सांगायची. "अगं, नैसर्गिक हाय ते!" नैसर्गिक तर नागाचं विषही असतं. त्यात मला पाणीसुद्धा मोजून, आणि चहाला नाही म्हटलं की पावणं रुसायचं. आई मला कोपरानं ढोसायची, "घोटभर घे की, त्यांचं मन मोडतंय." शेवटी मी शहाळं फोडून आणणाऱ्याच्याच हातात द्यायला लागले. सगळे आवडीनं प्यायचे. सुतकी तोंडानं रोग्याला बघायला यायचं आणि शहाळं पिऊन, मलई खरवडून जायचं.

मॅडमनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं. बाई सरळ बोलणारी होती. म्हणाली, "किडनी मिळेल तेव्हा मिळेल. तपासण्या आहेत, परवानग्या आहेत, वेळ जाणार. तोवर यांची तब्येत थांबून राहणार नाही. आत्ताच ठरवा. हात की पोट?" हात म्हणजे हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून एक जाड शीर तयार करायची, ती पिकायला काही आठवडे द्यायचे आणि मग आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन त्या शिरेत सुया टोचून मशीनवर रक्त धुवून घ्यायचं. पोट म्हणजे पोटात एक मऊ नळी बसवायची आणि घरच्या घरी, रोज चार वेळा, पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं. दोन्हीला वेळ लागतो, दोन्ही आधी करून ठेवावं लागतं.

"आणि काहीच न्हाय केलं तर?" आईनं विचारलं.

"मग एक दिवस धाप लागून इथं याल आणि मला घाईघाईनं मानेत नळी घालावी लागेल. तसं येऊ नका."

मी तिथंच म्हटलं, पोट. मला विचार करावा लागला नाही. लग्नाचे मुहूर्त मशीनची वेळ बघून निघत नाहीत. शिवाय त्या हातानं पुढं वजन उचलायचं नाही, दाबून काही धरायचं नाही. नऊवारीचा काष्टा काय एका हातानं घालायचा? पोटात नळी घेऊन मी सकाळी पाणी बदलून कार्यालयात जाऊ शकत होते आणि दुपारी परत येऊ शकत होते. मला नळी वेळेवर पाहिजे होती आणि दोन्ही हात मोकळे पाहिजे होते. दुसरं काही मी देवाकडंसुद्धा मागितलं नव्हतं.

मॅडमनी माझ्याकडं बघून मान हलवली. पण ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते आणि आमच्या घरात नातेवाईक म्हणजे माझा भाऊ. त्यानं पेन उचललंच नाही.

"म्हंजे माझ्यावर इस्वास न्हाय व्हय तुझा?" जिन्यात आल्यावर तो मला म्हणाला. आवाज असा, की वरचे खालचे सगळे पेशंट ऐकायला थांबले. "सगळ्या कोल्हापुरात मी सांगितलंय किडनी देतोय म्हणून. आणि तू पोटाला भोक पाडून घेणार? लोक काय म्हणतील? ह्याच्या बहिणीलाच ह्याचा भरोसा न्हाय!"

"अरे, ती मिळेपर्यंत..."

"दोन महिन्यात ऑपरेशन हुतंय तुझं! कशाला अंगाला भोकं पाडून घेतीस? देणार म्हटलंय न्हवं? देणार की!"

आई म्हणाली, "एवढा भाव देतोय म्हणतोय, तर त्याचं मन कशाला मोडतीस?" झालं. म्हणजे माझं डायलिसिस हा त्याचा अपमान होता. मी जगायची सोय केली की त्याच्या दिलदारपणाला डाग लागत होता. मी त्या जिन्यात उभी राहून त्याच्या त्या रुंद छातीकडं बघितलं आणि पहिल्यांदा मला त्याची मनापासून किळस आली.

मग सुरू झालं त्याचं देणं. आधी मंडळाची सहल. मग एका कार्यकर्त्याचं लग्न. मग जोतिबाला खेटे घालायचा, म्हणजे पाच रविवार चालत डोंगर चढायचा नवस, माझ्यासाठीच बरं का, आणि नवस चालू असताना शरीरातलं रक्त काढायचं नसतं म्हणे. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय विचारलं तर म्हणाला, "तुला देवाचं काय कळतंय?" नवस फेडून गुलालानं लालेलाल होऊन आला, मला अंगारा लावला आणि तो फोटो स्टेटसला टाकला.

शेवटी एकदाचा गेला रक्त द्यायला. एकटा नाही, चार मित्र घेऊन गेला. उपाशीपोटी या, म्हणून बजावून सांगितलेलं. हा वाटेत मिसळ खाऊन गेला! लॅबमधल्या पोरीनं विचारलं, "काही खाल्लंय का?" तर म्हणतो, "खाल्लं असं न्हाय, नुसती कटाची चव बघितली." तिनं त्याला परत पाठवलं. पण जायच्या आधी पठ्ठ्यानं कोपराला कापसाचा बोळा लावून फोटो काढून घेतला. सुई टोचलीच नव्हती, बोळा मात्र होता. खाली लिहिलं, बहिणीसाठी कायपण. त्याच्यावर लोकांनी इतके हात जोडले, इतक्या ज्वाळा काढल्या, की वाचता वाचता माझा मोबाईल तापला.

नाही म्हणाला असता तर मला कळलं असतं. मी सही करायला दुसरं कुणीतरी शोधलं असतं, आत्याकडं गेले असते, मॅडमच्या टेबलासमोर बसून राहिले असते. पण तो नाही म्हणतच नव्हता. कधीही विचारा, छाती पुढं काढून तेच, "देणार की!" त्या 'देणार की'च्या भिंतीला डोकं लावून मी थंडी काढली. रात्री उशा वाढत गेल्या. एक होती, दोन झाल्या, मग बसूनच झोपायला लागले.

फ्लेक्स न बघितलेली एक नवरी मला मिळाली, मुरगूडची. कार्यालयात मी तिचा पदर खांद्यावर पिनेला लावत होते आणि मला श्वास येईना. खिडकी उघडली तरी येईना. पाण्यात बुडाल्यासारखं झालं, आणि खरंच तसंच होतं, फुप्फुसांत पाणी साठलं होतं. नवरी अर्धी नेसलेली, एका हातानं निऱ्या धरून ओरडत बाहेर पळाली. तिच्या भावानं कुणाला काही न विचारता मला उचलून नवरदेवाच्या गाडीत घातलं आणि कोल्हापूरला आणलं. गाडी झेंडूनं सजवलेली, काचेवर नवरा-नवरीची नावं. दवाखान्याच्या दारातला वॉचमन हसून म्हणाला, "पावणं, कार्यालय पलीकडं हाय."

मानेत नळी बसली. घाईघाईनं, मॅडमनी सांगितलं होतं तशीच. जागं असताना मानेच्या शिरेत जाड नळी जाते तेव्हा काय होतं ते मी लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला मान हलवली तरी कळतं. माझा भाऊ संध्याकाळी आला. मुरगूडच्या त्या पोराचा नंबर मागायला लागला, त्याचा मंडळातर्फे सत्कार करायचा म्हणून.

मग आठवड्यातून तीनदा मशीन. माझ्या शेजारच्या खाटेवर इचलकरंजीचा एक जण असायचा. माझ्याच वयाचा, यंत्रमागावर काम करणारा, बायको आणि आईबरोबर एका खोलीत राहणारा. त्यानं हात निवडला होता. मी विचारलं, पोट का नाही? तर म्हणाला, "माझ्या घरात भाकरीवर सुद्धा कापसाचा भुगा बसतोय. पोटात नळी घालून पू करून घेऊ व्हय? हितं एसी हाय, गादी हाय, चार तास कोण वरडत न्हाय. अम्मी न्हाय, बायको न्हाय, मालक न्हाय. मी तर म्हणतो दोस्तांनी पण एकदा येऊन बघावं." वेफर्सची पुडी उशीखाली लपवून आणायचा आणि सिस्टरनं पकडलं की माझ्याकडं बोट दाखवायचा. पण त्यानं स्वतःचं स्वतः ठरवलं होतं, आपलं घर बघून, आपला जीव बघून. मला त्याचा हेवा वाटायचा.

एकदा माझ्या भावाला दारात बघून तो म्हणाला, "ह्यो तर फ्लेक्सवाला! चौकात बघितलाय मी. तुमचा भाव व्हय? मग किडनी?"

"किडनी अजून फ्लेक्सवरच हाय," मी म्हटलं.

तो इतका हसला, की हात हलला आणि त्याचं मशीन कोकलायला लागलं. सिस्टर धावत आली, आम्हा दोघांना शिव्या घालून गेली. जरा वेळानं त्यानं हळूच विचारलं, "पण त्यानं न्हाय म्हटलंय का तुमास्नी?"

"न्हाय म्हटलेलं न्हाय."

"तीच तर गोची हाय तुमची," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

आई रोज माझ्याबरोबर यायची. मानेचं ड्रेसिंग बदलताना तिला बाहेर काढायचे. एक दिवस ती बाहेर गेली नाही. सिस्टरनं पट्टी सोडली, आईनं बघितलं, मानेतनं बाहेर आलेली ती दोन तोंडांची नळी आणि भोवतीची लाल झालेली कातडी.  ती घरी निघाली नाही, सरळ मॅडमच्या खोलीत गेली. मी मागनं पोचले तर ती टेबलाला धरून उभी होती. "पोटाचं करा," म्हणाली. "मी हाय नातेवाईक. सही कुठं करायची?"

मॅडमनी विचारलं, "भावाला विचारायचंय का?"

"त्येला फ्लेक्स लावू द्या," आई म्हणाली.

मी आईला आयुष्यभर भित्री समजत आले, आणि ती आहेही. पण त्या वाक्यावर मी तिला बऱ्याच गोष्टी माफ केल्या. सगळ्या नाही.

पोटातली नळी बसली. आता घरात खोली पाहिजे होती. दवाखान्यातनं सिस्टर बघायला आली. पाणी बदलताना दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले, आणि धूळ म्हणून कुठं नको. धूळ गेली आत की पोटात पू, आणि मग नळी काढायची, परत मशीन. आमच्याकडं रिकामी खोली एकच, वरची माडी. तिथं मंडळाचे ढोल, ताशे, झांजा, तुटकी लाइटिंग आणि गेल्या दहा गणपतींची अडगळ. भाऊ म्हणाला, "ते सार्वजनिक सामान हाय, तिथनं हलवता येत न्हाय." मी आणि आईनं ते सार्वजनिक सामान जिन्यावरनं खाली सोडून दिलं, एकेक ढोल गडगडत. सगळी गल्ली बघायला आली. लई दिवसांनी मला भूक लागली.

भिंती रंगवल्या, फरशी घासली. पण वर नुसता पत्रा. पत्र्याच्या फटीतनं माती गळायची, वर कबुतरं नाचायची. सिस्टर मान वर करून म्हणाली, "छत केल्याशिवाय नाही जमणार." अडगळ काढताना कोपऱ्यात एक मोठी गुंडाळी सापडली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, दोरीनं बांधून, अगदी जपून ठेवलेली. महापालिकेनं चौकातले फ्लेक्स उतरवले तेव्हा भावानं त्याचा तो फ्लेक्स घरी आणून ठेवला होता. मी दोरी सोडली. खोलीच्या मापाला तो इतका बरोबर बसत होता, जसा काही त्यासाठीच छापलेला.

पत्र्याचं काम करणारा माणूस आला. शिडीवर चढून म्हणाला, "ताई, छापील बाजू वर करू का खाली?"

सिस्टरनं हात लावून बघितला. म्हणाली, "छापलेली बाजू गुळगुळीत आहे, ओल्या फडक्यानं पुसता येईल. मागची खरबरीत, तिच्यात धूळ बसेल."

"मग खाली," मी म्हटलं.

तर आता मी रोज चार वेळा त्या खोलीत दार लावून बसते. पिशवी हुकाला टांगते, पाणी पोटात उतरतं आणि वर माझा भाऊ गॉगल घालून, हात जोडून माझ्याकडं बघत असतो. खाली ओळीनं शुभेच्छुक. त्यांना आठवड्यातनं एकदा फडक्यानं पुसते, गॉगलपासून सुरुवात करून. दोन नवऱ्या परत मिळाल्यात. एका नवरीच्या आईला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "पोटात नळी असू दे न्हाईतर तलवार, खोपा नीट घाल म्हंजे झालं."

दिवाळी जवळ आली तेव्हा भाऊ वर आला. तोपर्यंत आला नव्हता. मी मास्क फेकला त्याच्याकडं, हात धुवायला लावले. तो स्टुलावर बसला, मान वर गेली आणि तसाच राहिला. वरचा हात जोडून हसत होता, खालचा मास्कमागं गप्प.

"उलटा लावायचा की गं," म्हणाला.

"छापील बाजू पुसायला सोपी."

जुनं पाणी पोटातनं खालच्या पिशवीत उतरत होतं. त्याला निवांत वेळ लागतो, घाई करून चालत नाही. तो त्या पाण्याकडं बघत बसला. मग वर न बघता म्हणाला, "मला भ्या वाटलं गं. कापतील, एक काढतील, परत पैल्यासारखा हुईन का न्हाय... त्या दिवशी मिसळ मुद्दाम खाल्ली."

मला ते ठाऊक होतं. मिसळीचं ऐकलं तेव्हाच कळलं होतं. त्याची किडनी मला नको होती असं नाही, हवी होती, अजूनही हवी आहे, रोज. पण भिण्याचा मला राग नाही. मी स्वतः इतकी भ्यालेली आहे, की दुसऱ्याच्या भिण्यावर थुंकायला माझ्याकडं थुंकी नाही. मला किळस होती ती त्या 'देणार की'ची.

"हे पाटावर बसून म्हणायचं होतंस," मी म्हटलं. "मित्राचा मोबाईल चालू असताना म्हणायचं होतंस, मला भ्या वाटतंय, मी न्हाय देऊ शकत. मी तुला तसंच ओवाळलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पोटात नळी घालून घेतली असती. माझ्या मानेत नळी गेली ती तुझ्या किडनीपायी न्हाय, तुझ्या जिभेपायी."

 त्याचा मास्क नाकापाशी ओला झाला होता. पाणी उतरायचं थांबलं, मी नळी बंद केली, टोपण लावलं. पिशवी भरलेली, पिवळसर, कोमट.

"यंदा ओवाळणीत काय घालू?" त्यानं विचारलं.

"ही पिशवी खाली मोरीत ओतून ये."

त्यानं ती उचलली. दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून, इस्त्रीच्या शर्टाला लागू नये म्हणून. वर्षभरात त्यानं माझं उचललेलं ते पहिलं ओझं. जिन्यावरनं तो एकेक पायरी बघत उतरत होता आणि त्याचा फोटो काढायला तिथं कुणीही नव्हतं.